बिनढोलकीचा ठेका

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेला निघालेला रस्ता दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गाला छेदतो, ते चौफुला. उसाच्या गाड्या, ढाबे आणि त्यांच्या शेजारीच संगीत बारीची थिएटरं. एकेक पार्टी आपल्या बारीला रंगमंचावर येते. मागे पेटी, तबला, ढोलकी. पुढे घुंगरं बांधलेल्या बायका.

जुन्या लावणीबरोबर फर्माईश असते ती सिनेमातल्या गाण्यांची. ‘नटरंग’मधली (२०१०) अजय-अतुल यांची लावणी पडद्यावर भल्यामोठ्या वाद्यवृंदासह वाजली, इथे ती एका पेटीत मावावी लागते. गाळलेल्या जागा पेटीवाला भरतो, ढोलकीवाला शाईवर बोल उडवत अंतरा लांबवतो आणि बाई एकच ओळ चार तऱ्हांनी अदा करते. जाणकार नाकं मुरडतात. पण ‘पिंजरा’सारख्या (१९७२) सिनेमांनी ही चीज तमाशाच्या फडातूनच उचलली होती, परत येताना ती थोडी बदलणारच. नाक मुरडायचंच तर रेकॉर्ड लावून नाचण्याला मुरडावं.

दुसऱ्याचं गाणं आपल्या वाद्यांवर बसवण्याचा असाच उद्योग दूर फ्रान्समध्येही चालत आला आहे. पॅरिसजवळ १९२८ मध्ये जँगो राइनहार्टच्या फिरत्या घराला आग लागली. अठरा वर्षांच्या या रोमा वादकाची डावी अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं गिटारची नवी तऱ्हा बसवली, तीच पुढे जिप्सी जॅझ. स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसोबत १९३४ मध्ये जमलेल्या त्याच्या पंचकात तीन गिटार आणि एक डबल बास होता, ड्रम नव्हताच. ठेका साथीच्या गिटारांनी धरायचा. उजव्या हाताचा झटका तारांवर बसतो न बसतो तोच डावा हात पकड सैल करतो. सूर तुटतो, ठेका उरतो.

जँगोनं १९३७ मध्ये बाखची रचना याच अंगानं वाजवली आणि १९४६ मध्ये चक्क फ्रान्सचं राष्ट्रगीत. तेव्हा आजची जिप्सी जॅझ त्रिकुटं बीटल्सची गाणी दोन गिटार आणि बासवर आणतात, त्यात घराणं बुडण्यासारखं काही नाही. विजेचा गडगडाट काढून घेतला की रॉकची चाल उघडी पडते. तिच्यात जीव असेल तरच हा ठेका तिला उचलतो.

रोमांची मुळं भारतातली, असं भाषा आणि जनुकं दोन्ही सांगतात. म्हणून लगेच संगीत बारीतल्या कोल्हाटी पार्ट्यांशी त्यांचं नातं लावायला नको. फिरस्तीची परंपरा आणि दुसऱ्याचं गाणं आपल्या हाताच्या मापात बसवण्याची कारागिरी, एवढं साम्य भरपूर झालं.

असं एखादं त्रिकूट चौफुल्यावर उतरलंच, तर पेटीवाला चाल पटकन धरेल. ढोलकीवाला मात्र आधी विचारेल, “तुमचा ठेका कोण धरतो?” मग दुसऱ्या गिटारवाल्याला दोन आवर्तनं एकट्यानं वाजवून दाखवावी लागतील आणि तिसऱ्याला ढोलकी आत शिरलेली असेल.