मुलाच्या केसपेपरवर आईचं बालपण

तिसरीतल्या त्या मुलाला घेऊन त्याची आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात शाळेची डायरी होती. पानोपानी लाल शाईतले शेरे. वर्गात लक्ष नाही. वही अपूर्ण. शेजारच्या मुलांना त्रास देतो. ती डायरी तिने माझ्यापुढे अशी सरकवली की जणू ते तिचंच प्रगतिपुस्तक आहे. (ओळख कळू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

मी नेहमीप्रमाणे सगळं केलं. कान-डोळे तपासले, हिमोग्लोबिन पाहिलं, रात्री घोरतो का, झोप पुरते का, ते विचारलं. लक्ष न लागण्यामागे कधी कधी एवढंच कारण निघतं. इथे निघालं नाही. प्रश्नावली आईकडून आणि वर्गशिक्षिकेकडून भरून घेतली. त्रास घरीही होता, शाळेतही होता आणि बालवाडीपासून होता. निदान एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येणं आणि अतिचंचलता. निघताना मी आईला बजावलं, “घरी शिस्त हवी. तुम्ही ठाम राहिलात तर अर्धं काम होईल.” हे वाक्य मी वीसेक वर्षं बोलत आलो होतो.

तिसऱ्या भेटीत मुलाच्या धक्क्याने माझा टॉर्च टेबलावरून खाली पडला. आईचा हात वर गेला आणि हवेतच थांबला. मुलाने त्याआधीच कोपर डोक्यावर घेतलं होतं. तिने तो हात खाली घेतला आणि चक्क मांडीखाली दाबून धरला.

मुलाला मी सिस्टरांबरोबर वजन करायला पाठवलं. “मारता का?” असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण विचारलं वेगळंच. “ताई, तुमचं लहानपण कसं गेलं?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग बोलत राहिली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. ही नऊ वर्षांची, धाकट्या दोन भावांना घेऊन नातेवाइकांकडे. तिथे पाणी सांडलं तरी मार, भाऊ रडले तरी हिलाच मार. “आता ह्याने काही पाडलं की माझ्या छातीत धडधडतं, डॉक्टर. ओरडते मी, पण कानात आवाज त्यांचाच येतो.” लग्नाआधीपासून तिला रात्री झोप लागत नव्हती. अशा बाईला मी ठाम राहायला सांगितलं होतं.

बालपणातल्या अशा जखमांची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत सॅन दिएगो इथे झाली. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा पहिला निबंध १९९८ साली आला, आणि पुढे त्यात १७,००० हून अधिक प्रौढांची माहिती जमा झाली. मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरात दारू, घरात आईला होणारी मारहाण असे प्रकार विचारले होते. साधारण दोन तृतीयांश लोकांनी निदान एका प्रकाराला ‘हो’ म्हटलं. प्रकार जितके जास्त, तितकं पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त.

मग पुढच्या पिढीचा प्रश्न आलाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसलं की आई किंवा वडिलांच्या बालपणी असे चार किंवा जास्त प्रकार घडले असतील, तर मुलांमध्ये अतिचंचलतेचं निदान होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. आईच्या बाबतीत हा संबंध वडिलांपेक्षा जास्त ठळक होता.

इथे जरा थांबा. ‘म्हणजे माझ्यामुळेच’ असं वाचणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात आलं असणार. एका काळी डॉक्टरांनीच ऑटिझमचं खापर ‘थंड’ आयांवर फोडलं होतं आणि ते साफ चुकीचं ठरलं. तेव्हा नीट समजून घेऊ. एडीएचडीमध्ये सगळ्यात मोठा वाटा अनुवंशाचा आहे, सुमारे ७० ते ८० टक्के. आता गुंता पाहा. आईला स्वतःलाच लहानपणी हा त्रास असेल, तर तिच्याही हातून वस्तू पडत असणार, अभ्यास राहत असणार, आणि म्हणून तिलाच जास्त मार बसला असणार. मुलाकडे जे आलं ते मारातून आलं की जनुकांतून, हे अशा वेळी सांगता येत नाही. मुलींमधली लक्षणं आजही सहज नजरेतून सुटतात, तेव्हाची गोष्ट तर सोडाच.

तरीही काही वाटा समजतात. सततच्या भीतीत वाढलेल्या शरीराची धोक्याची घंटा लवकर वाजते. गरोदरपणात नैराश्य, तंबाखू, अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका वाढतो, आणि त्यांचा संबंध बाळाच्या मेंदूच्या वाढीशी आहे. पुढे घरात आई कायम ताणाखाली असेल, तर मूलही अभ्यासाच्या वहीकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. बाहेरून ते ‘लक्ष नाही’ असंच दिसतं.

माँट्रियलच्या मायकेल मीनी यांचे उंदरांवरचे प्रयोग मला इथे आठवतात. पिल्लांना कमी चाटणाऱ्या माद्यांची पिल्लं त्यांनी जास्त चाटणाऱ्या माद्यांकडे वाढवली. त्या पिल्लांमधल्या माद्या मोठ्या होऊन स्वतः जास्त चाटणाऱ्या आया झाल्या. माणूस उंदीर नाही, हे मान्य. पण २००६ मध्ये मिर्ना वाइसमन यांच्या गटाने माणसांतलं दाखवलं. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांच्या मानसिक तक्रारीही कमी झाल्या. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांच्या वाढल्या.

म्हणून त्या दिवशी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक मुलाची. दुसरी आईची, मानसोपचारतज्ज्ञांकडे. ती म्हणाली, “मला वेड लागलंय का?” मी म्हटलं, “पाय मोडून नीट न जुळलेल्या माणसाला आपण पळ म्हणत नाही, आधी पाय बघतो.” तिला हे पटलं की नाही माहीत नाही, पण ती गेली. (तज्ज्ञ जवळ नसतील तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.)

मुलाचं औषध सुरू आहे. शाळेत तो पहिल्या बाकावर बसतो, घरी एका वेळी एकच काम सांगायचं असं ठरलंय. गणितात तो अजूनही वजाबाकीची चिन्हं विसरतो. खोडरबर आठवड्याला एक लागतं. आईला झोप लागायला लागली आहे. महिन्यातून एखाद्या वेळी अजून हात उठतो, हे तिने स्वतःहून सांगितलं. मीही आता लक्ष न लागणारं मूल आलं की केसपेपरवर आईची आणि जमलं तर वडिलांची झोप, मन आणि लहानपण यांसाठी जागा ठेवतो. बरेच वडील त्या प्रश्नाला हसतात. मी पुन्हा विचारतो.

मागच्या भेटीत टॉर्च परत पडला. मुलाचं कोपर अर्ध्यावर आलं. आईने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, “उचल, आणि काकांना दे.”