उपवासकाळ आणि दोन बीची पेन्सिल

आम्ही वसईचे कॅथलिक. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की उपवासकाळ सुरू. लहानपणी मी हिशेब मांडला होता. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर भरतात ४६ दिवस, मग ४० कसे? आई म्हणाली, "अरे, रविवार धरत नाहीत." सहा वजा. बग क्लोज्ड!

दरवर्षी मी मटण सोडतो. यंदा म्हटलं, त्याच्या जोडीला काहीतरी करूया. रोज रात्री लॅपटॉप मिटला की वहीत एका माणसाचं चित्र काढायचं आणि काढता काढता त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आई, कँटीनवाले काका, अगदी आमचा मॅनेजरसुद्धा! (चित्रं म्हणाल तर सगळे बटाटे.)

तेविसाव्या दिवशी सोपी माणसं संपली. उरला दादा. वाडीच्या वाटणीवरून ३ वर्षं बोलणं बंद. पेन्सिल घेऊन बसलो, तर त्याच्या भुवईवरची खूण डावीकडे की उजवीकडे, आठवेना. आणि ती खूण माझ्याच दगडाने झालेली!

अर्धा तास नुसता बसून होतो. मग फोन लावला.

"डावीकडे," दादा म्हणाला. "एवढ्यासाठी फोन केलास?"

हो म्हणालो.

वाटणीचं अजून तसंच आहे. पण चित्र पूर्ण झालं.

असो. उद्या कोण, बघू.