मगर मोजायची तर अमावस्येला

उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या रेषेखाली, गेली की सोलापुरात पाण्याच्या पाळीबरोबर आणखी एक विषय निघतो. धरणाच्या फुगवट्यात किंवा खाली भीमेच्या एखाद्या डोहात कुणाला तरी मगर दिसलेली असते, आणि आठवड्याभरात 'मगर दिसली'चं 'मगरी वाढल्या' झालेलं असतं. ही दोन वाक्यं एकमेकांपासून फार लांबची आहेत, आणि मगरीच्या निरीक्षणाचं सगळं कसब त्यांच्या मधल्या अंतरात आहे असं मी मानतो. मगर शीतरक्ताची. तिला अंगातली ऊब बाहेरून मिळवावी लागते. म्हणून थंडीच्या सकाळी ती काठावर येऊन तासन्‌तास ऊन खात पडते. मे महिन्यात तेच ऊन तिला सोसत नाही. मग ती पाण्यात राहते किंवा काठात खणलेल्या बिळात शिरते. वर दिसलंच तर नाकपुड्या आणि डोळे, एवढंच. ज्या काठावर जानेवारीत तीन दिसतात, तिथे मेच्या दुपारी एकही दिसणार नाही, आणि तरी तिन्ही तिथेच असतील.

आता यात पाणी मिसळा. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृत साठा आहे. 2024 च्या उन्हाळ्यात पातळी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा वेळी पाणी मैलभर मागे सरतं, गाळपेरीची जमीन उघडी पडते, आणि एरवी विखुरलेले प्राणी उरलेल्या पाण्याच्या कडेला जवळजवळ येतात. म्हणजे उन्हामुळे मगर कमी दिसायला हवी आणि आटलेल्या पाण्यामुळे जास्त; एकाच महिन्यात दोन कारणं उलट दिशांना ओढतात. धरणाच्या खाली तर चित्र आठवड्यात पालटतं. सोलापूरच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्याकडे पाणी सोडलं की नदी चढते, वाळूचे ओटे बुडतात आणि ऊन खायची जागाच नाहीशी होते. त्या दिवशी रिकाम्या दिसलेल्या काठावरून 'मगर गेली' म्हणणं हे भर पावसात अंगणात कुणी नाही म्हणून घर ओस पडलं म्हणण्यासारखं आहे.

मग मोजायचं कसं? आपल्याकडे वन्यप्राणी मोजायचे म्हटलं की बुद्धपौर्णिमा आणि पाणवठ्याजवळचं मचाण डोळ्यांपुढे येतं. मगरीला ही रीत लागू पडत नाही. तिच्यासाठी उलट अमावस्येच्या आसपासची रात्र लागते. तिच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे बॅटरीचा झोत पडताच पाण्याच्या रेषेवर तांबूस निखारा पेटल्यासारखा दिसतो. चांदण्यात तो फिका पडतो, शिवाय होडीही तिला लांबून कळते. पण निखारा मोजला म्हणजे मगर कळली असं नाही. डोकं नीट दिसलं तर त्याच्या लांबीच्या सातपट अंगाची लांबी असा ढोबळ अंदाज बांधता येतो; नुसतेच डोळे दिसले तर वहीत 'फक्त डोळे' एवढंच लिहावं. अंदाजाने आकडा भरण्याचा मोह इथेच होतो आणि इथेच तो आवरायला हवा.

अमेरिकेच्या लुइझियानात ॲलिगेटरची घरटी हेलिकॉप्टरमधून मोजतात, मग इथे ड्रोन उडवला तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते घरट्यापाशी. ॲलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते. तो ढीग वरून दिसतो. आपली मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि वरून बुजवून टाकते. ड्रोनला तिथे सपाट वाळूच दिसणार. तिथे काठ पायी वाचावा लागतो: शेपटीची ओढ, पोट घसरल्याची गुळगुळीत पट्टी, दोन्ही बाजूंना पंजे. वाळूउपशाने ओटा खरवडला की ही लिपी जाते आणि अंडीही जातात.

याहून गंभीर आक्षेप नदीकाठच्या माणसाचा आहे. धुणं धुणाऱ्या बाईला, मोटर चालू करायला उतरणाऱ्या शेतकऱ्याला तुमचे आकडे काय कामाचे? त्यांना घाट सुरक्षित हवा. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच त्यांना ढोबळ आकडा देणं मला अपुरं वाटतं. कोणत्या वळणावर, कोणत्या पातळीला, दिवसाच्या कोणत्या वेळी मगर काठाशी येते हे कळलं तरच पाण्यात उतरायची वेळ बदलता येते. यातलं पुष्कळ जाळं टाकणाऱ्या भोई लोकांना आधीच ठाऊक असतं, हा दुसरा आक्षेपही खराच. त्यांना डोह ठाऊक असतो, पण आठवण राहते ती मगर दिसल्याच्या दिवसांची. न दिसलेले दिवस कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून होडीतल्या वहीत तारीख, वेळ, हवेचं तापमान आणि पाण्याची पातळी लिहून पुढच्या रकान्यात 'काही दिसलं नाही' हेही तितक्याच काळजीने लिहायचं असतं.