गाठणे आणि गाठ

‘कॅच अप’ या इंग्रजी क्रियापदाने आता खान्देशातल्या घरांतही बस्तान बसवले आहे. तापामुळे शाळा बुडालेला मुलगा अभ्यास ‘कॅच अप’ करतो, पुण्यात नोकरी करणारी मुलगी मैत्रिणींना ‘कॅच अप’ करते आणि जळगावहून उशिरा निघालेली मोटार पारोळ्यापर्यंत पुढच्या मोटारीला ‘कॅच अप’ करते. ही तिन्ही कामे एकाच शब्दावर सोपवणे मराठीला कधी मानवले नाही. अभ्यास भरून काढायचा असतो, मैत्रिणींच्या गाठीभेटी घ्यायच्या असतात आणि मोटार गाठायची असते. तिच्याही पुढे निघून गेले, तर ते ‘मागे टाकणे’.

क्रियापदांचे असे बारकावे टिपणारा मराठी धातुकोश धुळ्यातूनच प्रसिद्ध झाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. हा कोश त्यांच्या पश्चात तेथील राजवाडे संशोधन मंडळाने छापला.

‘गाठणे’ या शब्दाचा एक उत्तम प्रयोग मात्र कोशाबाहेर, धुळ्याच्या तुरुंगात घडला. १९३२ साली विनोबा तेथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. बोलणाऱ्याची वाणी काही थांबत नाही. लेखणीनेच तिला गाठावे लागते. त्या धावपळीतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक मराठीला मिळाले. गाठणाऱ्याला येथे पुढे जायचे नव्हते, सोबत राहायचे होते.

याचे कारण शब्दाच्या पोटातच असावे. इंग्रजी शब्दात पकड आहे, मराठी शब्दात गाठ आहे. सराफ बाजारात पोत गाठवून घेतात तेव्हा मणी एका दोऱ्यात येतात. माणसे भेटतात तेव्हा ‘गाठ पडते’. अर्थात हाच शब्द शत्रूला खिंडीतही गाठतो, आणि मनात बसलेली गाठ तर सुटता सुटत नाही.

जैन वाचकाला हा शब्द परका नाही. ‘गाठ’ संस्कृत ‘ग्रंथी’वरून आली, आणि भगवान महावीरांच्या श्रमणांना ‘निर्ग्रंथ’ म्हणत, म्हणजे ज्यांच्या गाठी सुटल्या ते. गाठी सुटण्याला आपल्या परंपरेने मुदतीही घालून दिल्या आहेत. रोजचे राई आणि देवसी प्रतिक्रमण राहिले तर पक्खी आहे, मग चौमासी, आणि शेवटी संवत्सरी. श्वेतांबर कर्मग्रंथांत कषायांचे मापही याच पायऱ्यांनी सांगितले आहे: संज्वलन पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष, त्यापुढे राहिला तो अनंतानुबंधी. राहिलेले भरून काढण्याची इतकी काटेकोर व्यवस्था क्वचितच कोठे असेल. ‘कधीतरी कॅच अप करू’ या वाक्याला मात्र तिथीच नसते.

आणि हे वाक्य आता संवत्सरीपर्यंत पोहोचले आहे. शेतीच्या वाटणीवरून दोन भाऊ बोलेनासे होतात, एक जळगावात, दुसरा धुळ्यात. संवत्सरीच्या दिवशी जळगावचा भाऊ मोबाईलवरून शेकडो जणांना एकदम ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठवतो. त्या यादीत धाकट्याचा क्रमांकही असतो. दोन निळ्या खुणा उमटतात आणि खमतखामणा झाला असे धरले जाते. ज्याच्याशी काही बिनसलेलेच नाही, त्याची क्षमा मागणे सोपे. ज्याच्याशी खरी गाठ बसली आहे, त्याला समोरासमोर गाठावे लागते, आणि थोरल्याने आधी उंबरा ओलांडावा की धाकट्याने, यावर वर्षे निघून जातात.

जळगाव ते धुळे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळच्या एसटीने निघाले, तर भावाच्या घरी दुपार घालवूनही सायंकाळच्या प्रतिक्रमणाला दोघांना एकाच स्थानकात बसता येते.