चुंबळ

चांदोरी मागे पडली तरी मी एसटीत उभीच होते. शेजारची सीट रिकामी. खिडकीपाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बस ना बाई, जागा आहे." मी नुसतीच हसले. पुन्हा म्हणाल्या, तेव्हा "जवळच उतरायचंय" असं सांगितलं. ओढा गेलं, शिलापूर गेलं, मी काही उतरले नाही. आजींनी मग माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते. निफाडहून नाशिकपर्यंत रिकामी जागा सोडून उभी राहणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पण भर गाडीत काय सांगणार? माकडहाड दुखतंय म्हणून?

मी निफाडला एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशोब लिहिते. लाल कांद्याचा हंगाम भरात आला की श्वास घ्यायला फुरसत नसते. लिलाव झाला की ट्रॉल्या आणि पिकअप भुईकाट्यावर जातात. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं आणि शेतकरी काटापट्टी घेऊन माझ्या टेबलापाशी येतो. वजन गुणिले भाव, कापायचं ते कापायचं, पट्टी फाडायची, पुढचा. समोर रांग ताटकळलेली असताना पाय मोकळे करायला कोण उठतं? सकाळी बसलेली मी जेवायला उठायचे, आणि गर्दी असली तर डबाही टेबलावरच उघडायचे.

त्यात निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली उतरला की आमचं गाव पेपरात येतं. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मी पत्र्याच्या खोलीत अंग चोरून बसायचे. दुपारपर्यंत पाठ मागे रेललेली असायची आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून मी निम्मी पुढे घसरलेली असायचे.

डिसेंबरात बूड जळजळायला लागलं. बसल्यावर ठणकायचं, ते सोसायचं. पण उठताना, खुर्ची सोडायच्या त्या एका क्षणाला, दाभण खुपसावा तशी कळ यायची. टेबलाला धरून मी तशीच अर्धवट थांबायचे. समोरचा शेतकरी विचारायचा, "काय झालं ताई?" मी सांगायचे, "कंबर."

घरीही कंबरच सांगितलं. आमच्या घरात सगळ्यांची कामं उभ्यानं किंवा वाकून. सासूबाईंची निम्मी हयात द्राक्षबागेत गेली. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली दिवसभर हात वर करून उभं राहायचं. मालक भल्या पहाटे ब्लोअर घेऊन फवारणीला जातात. अशा घरात बसणं हे काम नव्हेच, ती कामातून मिळालेली सुट्टी. "तुझं तर बसून काम," हे वाक्य कुणी टोचून बोलायचं नाही, कौतुकानंच बोलायचे. म्हणून तर ते जास्त लागायचं.

कंबर म्हटल्यावर उपचारही कंबरेचेच झाले. बाम चोळला, पट्टा बांधला, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक घेतला. मेडिकलवाल्यानं कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या. दुखणं वीतभर खाली आणि औषध वीतभर वर, असा महिना गेला. हाड बसवणाऱ्या एकाचा पत्ताही कुणी दिला. तो नेमकं कुठलं हाड बसवणार, या विचारानंच मी गेले नाही.

एका रात्री मी ओट्याला टेकून उभ्यानंच जेवताना सासूबाईंनी पाहिलं. "कंबर दुखणारं माणूस उभं राहून जेवत नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांग, कुठं दुखतंय?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?" एवढं म्हणून आत गेल्या आणि जुन्या लुगड्याची चुंबळ घेऊन आल्या. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची, तीच. "हिच्यावर बस. माझ्या धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी दोन महिने अशीच बसत होते."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगायचं?"

चुंबळीनं थोडं बरं वाटलं, पण कळ गेली नाही. म्हणून ती नाशिकची वारी. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का, बाळंतपण कधी झालं, तिथं सूज किंवा पू आहे का, ताप येतो का, पाय बधिर होतात का, लघवीला त्रास आहे का. सगळ्याला नाही. एक्स-रेत वावगं काही दिसलं नाही. या दुखण्यात पुष्कळदा दिसत नाही, म्हणाले. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, पोट साफ राहील असं बघा म्हणाले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिनं आधी खुर्चीवर बसायला सांगितलं. मी नेहमीसारखी रेलून बसले. "इथंच चुकतंय," ती म्हणाली. सरळ बसलं की भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो; मागे रेललं की तो सरकत माकडहाडावर जातो. हाड केवढं, तर तीन ते पाच मणके मिळून झालेलं पाठीच्या कण्याचं शेपूट. त्याच्या ग्रीक नावाचा संबंध कोकिळेच्या भाऊबंदांतल्या एका पक्ष्याच्या चोचीशी आहे. आपण मात्र ते माकडाच्या नावावर करून मोकळे झालो. दुखण्याला वैद्यकातलं नाव मिळालं १८५९ मध्ये. क्लोरोफॉर्ममुळे प्रसिद्ध झालेले एडिंबराचे डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन यांनी ते दिलं. पुरुषांपेक्षा बायकांना हे पाचपट जास्त होतं, असंही तिनं सांगितलं. मला सासूबाईंचं "कुणाला सांगायचं" आठवलं.

मी चुंबळीचं सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "कल्पना बरोबर आहे. पण भोक मध्यभागी असतं आणि तुमचं हाड मागे. गोलाची मागची कड नेमकी तिथंच दाबते. मागची बाजू उघडी पाहिजे."

निफाडला उतरल्यावर गादीवाल्याकडे गेले. फोमचा तुकडा मागून कापून हवा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "कशाला?" दुकानात आणखी दोघं होते. "माकडहाडासाठी," मी म्हणाले. गादीवाल्यानं मान हलवली. "आमचे मेहुणे ट्रक चालवतात, त्यांनाही तसलंच काहीतरी आहे. दोन कापतो." महिनाभर जे तोंडातून निघत नव्हतं, त्याचं दुकानात कुणालाच काही वाटलं नाही.

बाकी उपाय साधे होते. उठताना आधी पुढे वाकायचं, मग उठायचं. रात्री कोमट पाण्याच्या टबात बसायचं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून न धरता सैल सोडायचे. हे मला सर्वांत अवघड गेलं. आणि दहा पट्ट्या झाल्या की उभं राहायचं, रांग कितीही असो. सुरुवातीला लोक कुरकुरले. मी कारण सांगितलं. पुढे एकजण स्वतःच मोजायला लागला, "ताई, दहावी झाली."

आठवड्यात फरक पडला असं नाही. उन्हाळ कांदा मार्केटला यायला लागला तेव्हा कुठे उठतानाची कळ थांबली. मध्ये एका लग्नात पंगतीला मांडी घालून बसले, तर पुन्हा चार दिवस ठणकलं.

नाशिकहून आले त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. मागची बाजू उघडी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी चुंबळ हातात घेतली, गाठ सोडली आणि लुगड्याचा पीळ घोड्याच्या नालासारखा वळवून खाली ठेवला. "एवढंच ना?"

मी फोमवर बसत असल्यानं ती चुंबळ माझ्या कामाची राहिली नाही. परवा लसूण सोलताना पाहिलं, तर सासूबाई स्वतःच तिच्यावर बसलेल्या.

"आई, तुम्हाला अजून दुखतं?"

"थंडीत," त्या म्हणाल्या आणि लसणाची पुढची कुडी उचलली.