वानराच्या भरवशावर चितळ

नवेगावबांधच्या पर्यटक निवासातून हिवाळ्यात पहाटे निघालेला माणूस आधी तलावाकडे पाहतो. लांब शेपटीची तलवार बदकं, नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेलं हे पाणी आजही पाखरांना पोसतं, याचं मोल करावं तेवढं थोडंच.

पण खरी गंमत झाडीत आहे.

ऐनाच्या झाडावर वानरांची टोळी पाला ओरबाडते. निम्मा खाते, निम्मा खाली टाकते, आणि तो टिपायला चितळं जमतात. हा शेजार नुसता पोटापुरता नाही. उंचावरच्या वानराला बिबट्या आधी दिसतो. वानराचा खोकल्यासारखा खकारा ऐकताच चितळं माना ताठ करतात, पुढचा पाय आपटतात. चितळाचं नाक तीक्ष्ण, वानराची नजर. वाटाड्यासुद्धा वाघाचा माग याच आवाजांवरून काढतो.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी याच रानात वर्षानुवर्षं असं ऐकलं, टिपलं. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. आता काठावर सहलीचे कर्णे वाजतात तेव्हा फार वाईट वाटतं: त्या गोंगाटात तो खकारा चितळांपर्यंत पोचणार कसा?