दुरुस्तीची शीव

शीव म्हणजे वेस, हद्द, हे वर्गात सांगताना मला नेहमी मौज वाटते. एके काळी इंग्रजांचे परळ बेट येथे संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान बांधला, तो या हद्दीवर नजर ठेवण्यासाठीच. परंतु दुरुस्ती कोठे संपते आणि सुधारणा कोठे सुरू होते, ही हद्द मात्र त्या किल्ल्यावरूनही दिसायची नाही. यंदाच्या वैशाखात तिच्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस तंटा चालला होता.

तंट्याचे कारण दादाची पिकअप. महिंद्रांची, १९९४ सालची, चारही चाकांना जोर देणारी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिज जीप जोडल्या जाऊ लागल्या, त्याच घराण्यातली ही. इंजिन प्यूजोच्या बनावटीचे, नाव एक्सडीपी ४.९०. म्हणजे सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. नामकरणातला हा सरळपणा आमच्या नवकवींनी उचलण्यासारखा आहे! मुरबाडकडे दादाच्या शेताच्या वाटेवर काळू नदीला मिळणारा एक ओढा आडवा येतो. एका श्रावणात रात्री वहिनींना याच गाडीतून तो ओढा ओलांडून इस्पितळात नेले होते. तेव्हापासून तिला भंगारात द्या म्हणण्याची कोणाची छाती नाही.

गाडी इकडे आणली, कारण सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि तिची नाडी ओळखणारा मेस्त्री शीव कोळीवाड्यात. दादाचे म्हणणे एवढेच, की कमानपाटे, क्लच आणि गळणारी सिले बदला. पुतण्याने मात्र वहीची दोन पाने भरून आणली होती. रुंद टायर, पुढे डिस्क ब्रेक, टपावर दिव्यांची रांग, शेवटी पॉवर स्टिअरिंग. दादाने सगळ्या यादीवर तांबडी पेन्सिल फिरवली. "पोरांचे चोचले!"

"काका, गाडी अशीच राहणार असेल, तर मी कल्याणच्या नोकरीला होय म्हणून टाकतो," पुतण्या मला जिन्यात म्हणाला. तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले, की भांडण गाडीचे नाही. दादामागे शेतावर कोण राहणार याचे आहे.

मेस्त्रीने यादी नाकाजवळ धरून वाचली. रुंद टायरांनी स्टिअरिंग अधिक जड होईल आणि बेअरिंगांवर भार येईल, म्हणून ते त्याने खोडले. दिवे पासिंगला अडतील म्हणून तेही गेले. मोटार वाहन कायद्याचे (१९८८) ५२वे कलम त्याला, मला व्याकरणाची सूत्रे पाठ नसतील, इतके पाठ होते. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाला धक्का लागेल असे काही करायचे नाही, बाकीचे आरटीओत विचारून.

डिस्क ब्रेकपाशी मात्र तो थांबला. "ओढा किती खोल?" त्याने विचारले. जुन्या ब्रेकचा ड्रम बंद डब्यासारखा असतो. आत पाणी शिरले की लायनर भिजतो आणि तो सुकेपर्यंत ब्रेक धरीत नाही. डिस्क उघडी असते, चाक फिरता फिरता पाणी झटकून टाकते. दादा ऐकत होता. मग सावकाश म्हणाला, "त्या रात्री ओढ्यापलीकडच्या उतारावर ब्रेक लागलेच नव्हते. गियरवर उतरवली. हिच्यापाशी बोललो नाही." वहिनींना हे आजतागायत ठाऊक नव्हते. आता छापून आल्यावर कळेल.

डिस्क मंजूर झाले. स्टिअरिंगसाठी मेस्त्रीने दादाला उभ्या गाडीतच चाक फिरवायला सांगितले. दादाने डावा हात पुढे केला.

"आबा, ते मी माझ्यासाठी लिहिलंच नव्हतं," पुतण्या म्हणाला. "तुमचा उजवा खांदा रोज रात्री आई शेकते, ते मला दिसत नाही होय?"

दादाने त्याच्याकडे पाहिले नाही. मेस्त्रीला एवढेच विचारले, "पावसाच्या आत मिळेल ना?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी निघाली. चाकावर पुतण्या होता. दादा शेजारी बसला होता आणि आमच्या गल्लीच्या प्रत्येक वळणावर, ब्रेक नसलेल्या जागी, उजवा पाय दाबून धरीत होता.